सेंद्रिय ताटातलं तूप

नाशिकच्या गंगापूर रोडवर किंवा त्र्यंबक रोडवर सेंद्रिय जेवणाचा फलक लावलेल्या ठिकाणी गेलात, तर दारातली पाटी आधी नीट वाचा. लाकडी घाण्याचं तेल, खपली गहू, हातसडीचा तांदूळ, रसायनमुक्त गूळ ही नावं तिथे असतातच. पण सगळ्यांत ठळक अक्षरांत बहुधा लिहिलेलं असतं ते देशी गाईचं ए-टू तूप. व्हीगन माणसाची अडचण इथूनच सुरू होते. व्हीगन म्हणजे प्राण्यापासून मिळालेलं काहीच न खाणारा. मांस आणि अंडी नाहीत, तसंच दूध, दही, ताक, तूप, लोणी, पनीर आणि मधही नाही. सेंद्रिय जेवण निसर्गाला धरून असतं, तेव्हा ते आपल्याला चालेल, असं समजून तो आत जातो आणि भाकरीपासून खिचडीपर्यंत प्रत्येक पदार्थावर तुपाची धार घेऊन ताट समोर येतं.

तरीही माझं ठाम मत आहे की व्हीगन माणसाने पोटभर आणि चवीने जेवावं असं महाराष्ट्रातलं एखादं शहर निवडायचं, तर नाशिक निवडावं. इथलं जेवण मुळात दुधावर उभं नाही. तूप बहुतेक वेळा वरून येतं, शेवटच्या क्षणी येतं आणि सांगितलं तर थांबतं. ते कुठे थांबवायचं आणि कुठे ते पदार्थाच्या पोटातच गेलेलं असतं, एवढं कळलं की या शहरात उपाशी राहायची वेळ येत नाही.

आधी सेंद्रिय आणि व्हीगन यांची गल्लत सोडवू. पीक कसं वाढवलं हा सेंद्रियचा विषय आहे. ताटात काय आलं हा व्हीगनचा. शेतात रासायनिक खत नाही, रासायनिक कीटकनाशक नाही, जनुकीय बदल केलेलं बियाणं नाही, एवढी हमी सेंद्रिय शब्द देतो. गाईला सेंद्रिय चारा घातला आणि सेंद्रियच्या नियमांनी पाळलं, की तिचं दूधही सेंद्रियच ठरतं. आपल्याकडे केंद्र सरकारचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ पासून आहे. त्यात त्रयस्थ संस्था शेताची तपासणी करते. शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांच्या शेतांची खातरजमा करायची, ही पीजीएस-इंडियाची दुसरी पद्धत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१७ साली सेंद्रिय अन्नासाठी नियम केले आणि पाकिटांवर ‘जैविक भारत’ची खूण दिसू लागली.

नाशिककरांच्या तोंडी याच्या जोडीला आणखी एक शब्द असतो, रेसिड्यू फ्री. द्राक्षाच्या निर्यातीने तो इथे आणला. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडल्यामुळे युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि जिल्ह्यातल्या बागायतदारांना जबर फटका बसला. त्यानंतर फवारणी कधी थांबवायची, अंश किती राहतो, प्रयोगशाळेचा अहवाल काय सांगतो, या गोष्टी द्राक्षपट्ट्यातल्या घराघरांत बोलल्या जाऊ लागल्या. रेसिड्यू फ्री म्हणजे फवारणी झाली असेल, पण खाताना तिचा अंश मर्यादेच्या आत आहे. सेंद्रिय म्हणजे ती फवारणी झालेलीच नाही. उपाहारगृहांच्या फलकांवर हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी दिसतात. त्यांच्यात फरक आहे, आणि दोघांचाही दुधातुपाशी काही संबंध नाही.

व्हीगन अन्नासाठी एफएसएसएआयने वेगळे नियम केले ते २०२२ साली. पदार्थात, त्यातल्या रंग-स्वादांत किंवा तो तयार करताना वापरलेल्या मदतीच्या द्रव्यांतही प्राणिजन्य काही असता कामा नये, असं हे नियम सांगतात. त्याची खूण म्हणजे हिरव्या चौकटीत इंग्रजी व्ही आणि त्याला फुटलेलं पान. आपल्या ओळखीचा हिरवा ठिपका यासाठी उपयोगाचा नाही, कारण त्याला दूध आणि मध दोन्ही चालतात. पाकीटबंद वस्तू घेताना आणखी एक सोपा उपाय आहे. घटकांच्या यादीखाली असोशी आणणाऱ्या घटकांची ओळ असते. दूध, दुधाची पावडर किंवा केसीन हे दुधातलं प्रथिन असेल तर तिथे दुधाचा उल्लेख करावाच लागतो. बिस्किटं, पाव, चॉकलेट, इतकंच काय मसाला लावलेले वेफर्स घेतानाही ही ओळ वाचायची सवय लावून घ्यावी. मसाल्याच्या भुकटीत दुधाची पावडर असणं अजिबात दुर्मीळ नाही.

पण ही खूण पाकिटाला मिळते, चुलीवरच्या कढईला नाही. समोर शिजणाऱ्या जेवणाबद्दल विचारूनच घ्यावं लागतं. कोणत्या पदार्थाबद्दल काय विचारायचं हे कळण्यासाठी या जिल्ह्याचं खाणं थोडं समजून घेऊ.

नाशिकच्या पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा हे घाटमाथ्याचे, धो धो पावसाचे तालुके आहेत. इथली गुरं म्हणजे डांगी जातीची. अंगावर काळे-पांढरे ठिपके, कातडीला तेलकटपणा. त्यामुळे पावसाचं पाणी अंगावर टिकत नाही. भातखाचरात चिखलणीला हे जनावर अव्वल, पण दूध अगदी बेताचं. लोकांनी ते पोसलं ते औतासाठी. जिथे गाय वासराला पुरेल एवढंच दूध देते, तिथला स्वयंपाक लोण्या-तुपावर कसा उभा राहणार? कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबांच्या ताटात आली ती वरकस जमिनीतली नागली, भात, वरई, उडीद आणि खुरासणी. नागलीची भाकरी, उडदाची घट्ट डाळ, खुरासणीची चटणी आणि पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळं, बांबूचे कोंब. या जेवणात व्हीगन माणसाला वगळावं लागेल असं जवळजवळ काही नाही. कुणी तत्त्व म्हणून ते तसं ठेवलं नव्हतं. जमीन, पाऊस आणि जनावर यांनी ते तसं घडवलं.

पूर्वेला आणि उत्तरेला बागलाण, मालेगाव, नांदगाव. तिथून खानदेशची चव सुरू होते. इथे मसाला भाजून काळा करतात, रस्सा शेंगदाणा-खोबऱ्याने दाट करतात आणि वर तेलाचा तवंग येऊ देतात. शेवभाजी, पाटवडीचा रस्सा, डुबुकवड्या, कांद्याच्या पातीसोबत परतलेलं वांग्याचं भरीत, शेंगदाण्याचा ठेचा, ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी. बेसन, तेल, तिखट आणि कांदा यांवर हे सगळं चालतं. ज्या जिल्ह्यातल्या लासलगावच्या कांद्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथे रश्शाला दाटपणा आणायला साय लागत नाही. भाजलेला कांदा ते काम करतो.

मग उपाहारगृहांत एवढं दूध आलं कुठून? याचं उत्तर गेल्या पन्नास वर्षांत आहे. १९७० साली ऑपरेशन फ्लड सुरू झालं तेव्हा देशात माणशी रोजचं दूध सव्वाशे ग्रॅमच्या आतच होतं. २०२२-२३ मध्ये ते ४५९ ग्रॅमवर पोचलं. संकरित गाई आल्या, गावोगाव संकलन केंद्रं झाली आणि दूध घरखर्चाला हातभार लावू लागलं. त्याच काळात बाहेर खाण्याची रीत वाढली आणि पनीर, बटर, चीज आणि क्रीम महामार्गावरच्या ढाब्यांतून आपल्या जेवणात शिरलं. आज ‘शाकाहारी थाळी’ म्हटलं की पनीरची भाजी गृहीत धरली जाते. आपल्या आजीच्या रोजच्या स्वयंपाकात पनीर नव्हतं, हे आठवून बघा. सेंद्रिय उपाहारगृहांनी पनीर बऱ्याच अंशी बाजूला ठेवलं आणि जुनी भाकरी-पिठलं परत आणलं, याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. फक्त जुन्या जेवणाचा मान वाढवायचा म्हणून त्यांनी प्रत्येक पदार्थावर तूप ओतायला सुरुवात केली. जुन्या कष्टकरी घरात ते रोज एवढं कधीच नव्हतं.

आता प्रत्यक्ष अशा सेंद्रिय फूड कोर्टात फिरू. चुलीजवळ भाकऱ्या थापणाऱ्या मावशींकडे सगळ्यांत आधी जावं. ज्वारीची, बाजरीची, नागलीची किंवा कळण्याची, कुठलीही भाकरी पीठ, पाणी आणि मिठाचीच असते. तव्यावरून उतरल्यावर तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवतात, तेवढा नको म्हणायचा. पोळीचं मात्र तसं नाही. घडीच्या पोळीत तेल असतं, पण खपली गव्हाच्या पोळीला तूप लावण्याची रीत या ठिकाणी पक्की असते. शिवाय ती आधीच करून डब्यात रचून ठेवलेली असते, त्यामुळे नको म्हणायची संधी निघून गेलेली असते. म्हणून भाकरीच मागवावी.

पिठलं आणि झुणका तेलाच्या फोडणीचे. काही ठिकाणी पिठल्यात ताक घालतात, तेवढं विचारून घ्यावं. ठेचा, भरीत, भरली वांगी, मटकीची उसळ, पालेभाजी निर्धास्त खावी. भरितात दही घालण्याची पद्धत महाराष्ट्रात इतरत्र आहे, पण खानदेशी भरीत मागितलंत तर ते तेलाचंच मिळेल. वरण आणि आमटी यांत निवडायचं तर आमटी घ्यावी. साध्या वरणाला तुपाशिवाय शोभा नाही असं आपल्याकडे मानतात आणि बऱ्याचदा ते पातेल्यातच घालून ठेवतात. खिचडीचंही तेच. तिची फोडणी तुपाची असेल तर वरची धार थांबवून काही उपयोग नाही. थालीपीठ भाजणीचं आणि तेलावर भाजलेलं असतं, सोबतचं लोणी आणि दही बाजूला करायचं. नागलीचा डोसा आणि इडली यांच्यात मात्र एक खोच आहे. उडदाची डाळ भिजवून, वाटून, रात्रभर आंबवलेलं पीठ असेल तर हरकत नाही. पण ‘झटपट’ नागली डोसा, रवा इडली आणि ढोकळा यांचं पीठ पुष्कळदा दह्यात किंवा ताकात भिजवलेलं असतं.

मिसळ हा नाशिकचा मानबिंदू. व्हीगन माणसासाठी ती देणगीच आहे. मोडाची मटकी, तर्री, शेव, कांदा, लिंबू, पापड. यातलं काहीच दुधाचं नाही. दही वेगळ्या वाटीत येतं, ते परत करता येतं. शंका असते ती पावाची. साधा लादीपाव मैदा, यीस्ट, मीठ, साखर आणि तेलाचा असतो. काही बेकऱ्या त्यात दुधाची पावडर घालतात किंवा वरून बटर फिरवतात. काही सेंद्रिय ठिकाणी तर ‘मिल्क ब्रेड’सारखा मऊ पाव ठेवतात. तेव्हा पावाऐवजी भाकरी मागावी. तर्री आणि बाजरीची भाकरी ही जोडी पावापेक्षा सरस आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं. काही मिसळींसोबत जिलबी येते. तिचं पीठ दह्याने आंबवलेलं असू शकतं आणि तळणीत तूपही असू शकतं, म्हणून ती सोडावी.

उपवासाच्या पदार्थांकडे व्हीगन खवय्यांचं लक्ष क्वचित जातं, आणि ते जायला हवं. भगर म्हणजे वरईचे तांदूळ. वरईवरची साल काढून भगर करणाऱ्या गिरण्यांचं नाशिक हे मोठं केंद्र आहे. भगर आणि दाण्याची आमटी हे पोटभरीचं, शेंगदाण्यामुळे प्रथिनं देणारं जेवण आहे. फोडणी तुपाऐवजी शेंगदाणा तेलाची घ्यायची, एवढाच बदल. साबुदाणा वडा तेलातच तळतात. सोबतची चटणी दह्यात कालवलेली असते, ती ओल्या खोबऱ्याची किंवा हिरवी मागता येते. साबुदाण्याची खिचडी मात्र तुपात परततात, म्हणून आधी विचारावं.

गोडाचा भाग सर्वांत अवघड आहे. नागलीचे लाडू, डिंकाचे लाडू, शिरा, पुरणपोळी, खपलीची खीर, नानकटाई या सगळ्यांत तूप किंवा दूध घट्ट बसलेलं असतं. ते काढता येत नाही आणि आग्रह धरण्यातही अर्थ नाही. शेंगदाण्याची चिक्की, तिळाची वडी, खजूर यांवर समाधान मानावं. चिक्की थापण्याआधी ताटाला तूप लावतात का, तेवढं मात्र विचारावं. जानेवारी ते एप्रिल या काळात टेबलावर ताजी द्राक्षं असताना दुसऱ्या गोडाची गरजही वाटू नये. सेंद्रिय गूळ साधारणपणे चालतो. उसाच्या रसातला मळ काढायला रानभेंडीचा चीक वापरण्याची जुनी पद्धत रसायनमुक्त गूळवाले अजून पाळतात. पेयांत कोकम सरबत, उसाचा रस, गवती चहा घातलेला कोरा चहा. सोलकढी नारळाच्या दुधाची, म्हणून चालते. तिच्या शेजारी ताकाची कढी असते, दोन्हींत गल्लत होऊ देऊ नये. ‘हर्बल’ चहात आणि फळांच्या रसात गावरान मध घालण्याची इथे हौस असते, त्यावर लक्ष ठेवावं.

विचारायचं कसं, यावर बरंच अवलंबून आहे. ‘हे व्हीगन आहे का?’ असं विचारलं की समोरच्या दादाला बहुधा ‘व्हेज आहे का?’ असंच ऐकू येतं आणि तो विश्वासाने ‘हो, प्युअर व्हेज’ म्हणून मोकळा होतो. त्याचा यात काही दोष नाही. त्याऐवजी सरळ सांगावं, ‘दादा, दूध, दही, ताक, तूप, लोणी, पनीर आणि मध, यातलं काही चालत नाही. फोडणी तेलाची द्या, भाकरी कोरडी द्या.’ कारण विचारलं तर खरं कारण द्यावं. ज्यांना दूध पचत नाही त्यांची संख्याही मोठी आहे. जगातल्या सुमारे ६५ टक्के प्रौढांमध्ये दुधातली साखर पचवण्याची क्षमता बालपणानंतर घटते. त्यामुळे दुधाशिवायचं जेवण मागणारं गिऱ्हाईक आचाऱ्यांना अनोळखी राहिलेलं नाही. ‘जैन’ जेवण मागून प्रश्न सुटत नाही, हेही लक्षात ठेवा. त्यात कांदा, लसूण, बटाटा वगळतात, तूप वगळत नाहीत. तवा सामाईक असतो. आधीच्या डोशाचं तूप त्यावर असणारच. तेवढं ज्यांना चालत नाही त्यांनी सकाळी ठिकाण उघडतानाच जावं, किंवा तव्यावरचं सोडून शिजवलेलं घ्यावं.

एक प्रश्न मात्र फक्त सेंद्रिय जेवणापुढेच उभा राहतो आणि तो गंभीर आहे. रसायन नाही म्हणजे बहुतेक शेतांत शेणखत आणि गोमूत्र आहे. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी प्रसिद्ध केलेलं जीवामृत आज नाशिक जिल्ह्यातही अनेक शेतकरी करतात. २०० लिटर पाण्यात १० किलो देशी गाईचं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. हे मिश्रण आंबवून एकरभर शेताला द्यायचं. म्हणजे पूर्ण व्हीगन दिसणारी नागलीची भाकरीही गाईच्या आधाराने वाढलेली असते. जनावराचा आधार अजिबात न घेता शेती करता येते. ताग-धैंचा जमिनीत गाडायचा, पालापाचोळ्याचं कंपोस्ट करायचं, निंबोळी पेंड वापरायची. पण अशा शेताचा वेगळा माल आपल्या फूड कोर्टात आज ओळखू येत नाही.

म्हणून ताट नाकारावं का? मला तसं वाटत नाही. १९४४ च्या नोव्हेंबरात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी स्थापली. तिने पुढे जी व्याख्या पक्की केली तिच्यात जमेल आणि शक्य होईल तितकं हे कलम मुद्दाम ठेवलं आहे. त्याच्या कितीतरी आधी गांधीजींनी व्रत आणि शक्यता यांतली ही ओढाताण अनुभवली होती. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर १९१२ साली हर्मन कॅलनबाख यांच्यासह त्यांनी दूध सोडलं. पुढे भारतात जीवघेण्या आजारपणानंतर १९१९ च्या सुरुवातीला ते शेळीचं दूध घेऊ लागले. आपल्या व्रताचं अक्षर पाळलं पण भाव मोडला, ही बोच त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली. त्यांना दुधाला तोडीस तोड पर्याय सापडला नव्हता. आज तो सापडतो. त्यासाठी शेतातल्या शेणखतावर अडून राहण्यापेक्षा ताटात येणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करणं मला अधिक प्रामाणिक वाटतं.

पर्यायाबद्दल आहाराच्या अंगानेही बोललं पाहिजे, कारण घरातली मोठी माणसं पहिला प्रश्न कॅल्शियमचा काढतात आणि तो योग्य आहे. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, १०० ग्रॅम दुधात १२० च्या आसपास. तिळात त्याहून कितीतरी जास्त. नागलीतल्या कॅल्शियमचा काही भाग फायटेटमुळे शरीराला मिळत नाही. नागली भिजवून मोड आणले किंवा पीठ आंबवलं की तो अडथळा बराच कमी होतो. अंबील करण्याच्या जुन्या पद्धतीचा हा मोठा फायदा आहे. बी-१२ या जीवनसत्त्वाबाबत मात्र कुणी काहीही सांगितलं तरी भुलू नये. ते कोणत्याही भाजीत, डाळीत किंवा धान्यात भरवशाने मिळत नाही. आंबवलेल्या पदार्थांतूनही नाही, स्पिरुलिनातूनही नाही. पूर्ण व्हीगन आहार घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. वाढत्या मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या बाबतीत तर यात टाळाटाळ करूच नये. बी-१२ कमी पडलं तर मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते.

नाशिक म्हटलं की वाईनही येतेच, म्हणून थोडं तिच्याविषयी. द्राक्षाचा रस म्हणजे ती आपोआप व्हीगन, असं नाही. गढूळपणा काढण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या वायुपिशवीपासून केलेलं आयसिंग्लास वापरण्याची जगभर रीत आहे. बेंटोनाइट नावाची माती वापरूनही तेच काम होतं आणि अनेक वाईनऱ्या तीच वापरतात. वाईनरी पाहायला गेलात तर माहिती देणाऱ्याला हे जरूर विचारा.

शेवटी उपाहारगृह चालवणाऱ्यांसाठी. म्हसरूळचं गजपंथ आणि बागलाण तालुक्यातलं मांगी-तुंगी यांसारखी जैन तीर्थं या जिल्ह्यात आहेत, आणि शहरात जैन समाज मोठा आहे. म्हणून नाशिकच्या हॉटेलांनी मेनूवर ‘जैन’ हा पर्याय कधीचाच लिहायला घेतला. एकादशीला उपवासाचं पान वेगळं छापतात. मग तेलाच्या फोडणीच्या आणि दुधाशिवायच्या पदार्थांपुढे हिरव्या पानाची खूण छापायला काय हरकत आहे? एक नवा पदार्थ शिकावा लागणार नाही. तूप वाढायच्या आधी विचारायचं आणि एक कढई तेलाच्या फोडणीसाठी वेगळी ठेवायची. दह्याची जागा भरायला शेंगदाणे रात्रभर भिजवून पाण्यात वाटावेत, गाळून ते दूध उकळावं, कोमट झाल्यावर त्यात हिरव्या मिरच्यांची देठं घालून आठ-दहा तास झाकून ठेवावं. मिसळीसोबत हे दही चांगलं लागतं आणि शेंगदाणा आपल्याच मुलखातला आहे. २०२७ च्या सिंहस्थाला देशभरातून आणि परदेशातून लोक नाशिकला येतील, त्यात दुधाचं न खाणारेही असतील. त्याआधी ही खूण मेनूवर यायला हवी. आणि वाचकांना माझी विनंती आहे की पुढच्या वेळी अशा ठिकाणी जाल तेव्हा ती मागा. मागणारे दिसले तर मालक छापतात.